घरचें बिनतारी केंद्र : त्याची वीज आणि त्याचें कुलूप

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें 'बिनतारी यंत्र' म्हटलें कीं, सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें ऐकण्याचें यंत्र उभें राही. बोलणारें केंद्र एक आणि ऐकणारीं घरें हजारों, असा तो व्यवहार होता. नुसतें ऐकण्यासाठींहि पोस्टांत पैसे भरून परवाना काढावा लागे. आज नाशिक शहरांत, पंचवटींतील जुन्या वाड्यांत काय किंवा गंगापूर रस्त्यावरील नव्या सदनिकेंत काय, कपाटावर एक लहानसा डबा बसलेला असतो. त्याला दोन-चार काड्या असतात आणि त्याचे दिवे अहोरात्र लुकलुकत असतात. घरचे लोक त्याला 'वाय-फायचा डबा' म्हणतात, दुकानदार 'राउटर' म्हणतो, आणि कचेरी, रुग्णालय किंवा महाविद्यालय यांच्या छताला तो चिकटविलेला असला म्हणजे कारागीर त्याला 'ॲक्सेस पॉइंट' म्हणतात. नांव कोणतेंहि असो, हा डबा नुसता ऐकत नाहीं, तो बोलतोहि. प्रत्येक घर आतां एक छोटें प्रक्षेपण केंद्र झालें आहे. आणि केंद्र चालविणाऱ्यावर ज्या दोन जबाबदाऱ्या असतात, त्या नकळत घरधन्याच्या अंगावर येऊन पडल्या आहेत. यंत्राला अखंड व नेमकी वीज पुरविणें ही पहिली, आणि आपल्या केंद्रावरून परक्यानें बोलूं नये याची खबरदारी घेणें ही दुसरी.

वरवर पाहतां हीं दोन कामें अगदीं निराळीं वाटतात. वीज हें तारवाल्याचें क्षेत्र, तर कुलूप हें पहारेकऱ्याचें. परंतु ह्या डब्याच्या बाबतींत दोघांची सांगड इतकी घट्ट बसली आहे कीं, एकाचें दुखणें दुसऱ्याच्या तोंडून बोलतें. विजेचा दोष असतां फोन 'परवलीचा शब्द चुकला' अशी तक्रार करतो. कुलूप फुटलें असतां तार तुटल्याचा भास होतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, विजेच्या दोषावर घाईनें केलेला उपाय घराचें दार सताड उघडें टाकतो. म्हणून दुखणें कोणतें, हें ओळखण्याची रीति प्रथम समजून घेतली पाहिजे. तिच्यासाठीं शास्त्राच्या पदवीची गरज नाहीं. थोडा धीर आणि थोडें निरीक्षण पुरेसें होतें.

प्रथम यंत्राचें काम पाहावें. रेडिओच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. वाय-फायच्या डब्यांतून निघणाऱ्या लहरी सेकंदास सुमारें २४० कोटि आंदोलनें करतात आणि त्यांची लांबी अवघी साडेबारा सेंटीमीटर भरते. नव्या डब्यांत याच्या दुपटीहून अधिक वेगानें आंदोलणाऱ्या, सुमारें साडेपांच सेंटीमीटर लांबीच्या लहरींचा दुसरा पट्टाहि असतो. लहर जितकी आखूड, तितकी भिंत तिला जड जाते. जुन्या नाशकांतील वाड्यांच्या जाड भिंती ओलांडतांना ती क्षीण होते. उघड्या खिडकींतून मात्र तीच लहर समोरच्या इमारतींत सहज शिरते. घरधन्याला माजघरांत न मिळणारी लहर रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मिळते, ती अशी. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें असें यंत्र परवान्यावांचून बाळगण्यास मनाई होती. २००५ च्या जानेवारींत भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेंत परवानामुक्त केला, आणि पुढें हे डबे घरोघर पोंचले. परवाना गेला हें सोयीचें झालें. परवान्याबरोबर येणारी जबाबदारीची जाणीवहि गेली, हें मात्र इष्ट झालें नाहीं.

हवेंत सोडलेला शब्द कोणीहि ऐकूं शकतो. म्हणून डबा आणि फोन यांचें संभाषण सांकेतिक लिपींत चालतें व परवलीचा शब्द ही तिची किल्ली असते. ह्या लिपीचे आजवर अनेक अवतार झाले. १९९७ च्या पहिल्या प्रमाणपद्धतींतील 'वेप' नांवाच्या लिपींतील दोष फ्लुरर, मँटिन आणि शमीर ह्या तिघां गणितज्ञांनीं २००१ मध्यें उघडकीस आणला. २००७ मध्यें जर्मनींतील डार्मस्टाट येथील संशोधकांनीं ती एका मिनिटाच्या आंत फोडून दाखविली. तिच्या जागीं २००३ मध्यें 'डब्ल्यूपीए', २००४ मध्यें 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ मध्यें 'डब्ल्यूपीए-३' ह्या पद्धति आल्या. ज्या डब्यावर आजहि 'वेप' लिहिलेलें दिसेल, त्याला कुलूप नाहीं असेंच समजावें; त्याला नुसती कडी आहे.

कुलूप चांगलें असलें तरी किल्ली दुबळी असून चालत नाहीं. दुसऱ्या पद्धतींत चोराला दारापाशीं बसून राहावें लागत नाहीं. फोन डब्याशीं जोडला जात असतांना होणारी क्षणभराची देवघेव तो टिपून घेतो आणि घरीं जाऊन, आपल्या संगणकावर, एकामागून एक शब्द लावून पाहतो. आठ आकड्यांचा परवलीचा शब्द असेल, तर एकंदर शक्यता दहा कोटि होतात. सेकंदास पांच लाख शब्द तपासणारा संगणक आज दुर्मिळ नाहीं. त्याला हें काम २०० सेकंदांचें आहे. कित्येक घरांत स्वतःचा मोबाइल क्रमांकच परवलीचा शब्द म्हणून ठेवतात. भारतांतील असे क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ पासून सुरू होतात. म्हणजे शक्यता ४०० कोटि. त्याच संगणकाला सव्वादोन तास लागतील. उलट, एकमेकांशीं संबंध नसलेले चार-पांच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून केलेली लांब परवली घरच्या माणसांना तोंडपाठ होते आणि परक्याला कित्येक वर्षें पुरून उरते. तिसऱ्या पद्धतींत घरीं जाऊन शब्द लावण्याची ही वाटच बंद केलेली आहे; म्हणून नवा डबा घेतांना ती आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. काहीं डब्यांवर आठ आकडी पिन घालून झटपट जोडणी करण्याची सोय असते. त्या पिनचे दोन तुकडे वेगळे तपासले जात असल्यामुळें अवघ्या ११ हजार प्रयत्नांत ती सांपडते, हें २०११ मध्यें सिद्ध झालें आहे. ती सोय बंद ठेवणेंच बरें.

एवढी खबरदारी कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. शेजाऱ्यानें चार चित्रपट पाहिले तर काय बिघडलें? ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें २००८ मध्यें पाहिलें आहे. त्या वर्षीं २६ जुलैला अहमदाबादेंत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. स्फोटांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तसंस्थांना धमकीचें एक पत्र संगणकावरून आलें. पत्र कोठून आलें, याचा माग नवी मुंबईंतील सानपाडा येथील एका घरापर्यंत पोंचला. तेथें राहणाऱ्या परदेशी गृहस्थाच्या वाय-फायला कुलूप नव्हतें. त्याच्या लहरीवर स्वार होऊन दुसऱ्याच कोणीं तें पत्र धाडलें होतें. परंतु पत्रावर पत्ता त्याच्या घराचा होता. पोलिसांनीं त्याचे संगणक ताब्यांत घेतले आणि चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागें लागला. पुढें ऑगस्ट व सप्टेंबरांत मुंबईंतील आणखी दोन ठिकाणच्या वाय-फायचा असाच उपयोग झाल्याचें आढळलें. फेब्रुवारी २००९ मध्यें केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानें वाय-फायच्या सुरक्षित वापराविषयीं सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना काढल्या. तेव्हां प्रश्न चार चित्रपटांचा नाहीं. परक्याचें कृत्य आपल्या नांवावर मांडलें जाण्याचा आहे.

आतां विजेकडे वळावें. नाशिकच्या वेशीवर एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रांत २१० मेगावॉटचे संच उभे आहेत. आणि घरच्या डब्याची भूक अवघी पांच-सात वॅटची असते. परंतु ही लहानशी भूक फार चोखंदळ असते. भिंतींतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह एक छोटा ॲडॅप्टर बहुधा १२ व्होल्टच्या एकदिशा प्रवाहांत बदलून डब्याला देतो. ह्या ॲडॅप्टरमध्यें द्रव भरलेले लहान कंडेन्सर असतात. उन्हाळ्यांत नाशकांत पारा चाळिशीपर्यंत चढतो, आणि बंद कपाटांत, दूरदर्शन संचाच्या मागें कोंबलेल्या ॲडॅप्टरची उष्णता त्याहून किती तरी जास्त होते. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं अशा कंडेन्सरचें आयुष्य साधारणतः निम्मे होतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. दोन-तीन उन्हाळे काढलेला ॲडॅप्टर मरत नाहीं. तो म्हातारा होतो. मोकळा असतां मापकावर १२ व्होल्ट दाखवितो, पण भार पडतांच त्याचा दाब खालीं बसतो. म्हणून रात्रीं घरांतील सर्व मंडळी एकदम फोन घेऊन बसलीं म्हणजे डबा स्वतःहून बंद होऊन पुन्हां सुरू होतो, आणि सकाळीं तक्रार सांगितली असतां मात्र सर्व ठीक दिसतें. असें वारंवार घडूं लागलें कीं दोष डब्याचा किंवा कंपनीचा मानण्यापूर्वीं ॲडॅप्टर बदलून पाहावा. नव्या ॲडॅप्टरचे व्होल्ट जुन्याइतकेच असावेत, ॲम्पियर तितके किंवा जास्त असावेत, आणि पिनेच्या आंतील-बाहेरील ध्रुवांची खूण जुळावी. ह्या तीन गोष्टींपैकीं एकीकडे दुर्लक्ष झाल्यास सव्वाशें रुपयांच्या वस्तूपायीं हजारोंचा डबा जाऊं शकतो.

दुसरें दुखणें क्षणिक अंधाराचें. वीज गेली आणि घरच्या इन्व्हर्टरनें भार उचलला, तरी मध्यें क्षणाच्या शतांशाचें अंतर पडतें. दिव्याला आणि पंख्याला तें कळतहि नाहीं. डबा मात्र बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर येण्यास त्याला दोन-तीन मिनिटें लागतात. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या वेळीं हीं मिनिटें फार मोठीं वाटतात. त्यावर उपाय म्हणजे डब्यासाठींच मिळणारी, एकदिशा प्रवाह देणारी लहान बॅटरी. तिच्यांत बदलाचा क्षणच येत नाहीं. सहा वॅट खाणाऱ्या डब्याला ३० वॅट-तासांची बॅटरी चार तासांच्या वर पुरते. मात्र कांचतंतूची जोडणी असलेल्या घरांत कित्येकदां डबे दोन असतात. एक तंतूचा आणि दुसरा वाय-फायचा. एकालाच बॅटरी दिल्यास दिवे लागतात, फोन जोडला जातो, पण बाहेरचें जग सांपडत नाहीं. मेअखेरच्या वळवांत किंवा आश्विनांतील परतीच्या पावसांत गडगडाट होऊं लागला म्हणजे ॲडॅप्टर भिंतीपासून आणि तांब्याची दूरध्वनि-तार डब्यापासून, अशा दोन्ही काढून ठेवाव्या. वीज भिंतीच्या वाटेनेंच येते, ही समजूत खोटी आहे. ती बाहेरून आलेल्या तारेवाटेहि घरांत शिरते.

महाविद्यालयें, रुग्णालयें आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने येथें ॲक्सेस पॉइंट उंच छतावर असतो. तेथें वेगळी वीज न नेतां, ज्या तारेनें संदेश जातो त्याच तारेनें सुमारें ४८ व्होल्टचा प्रवाह वर चढवितात. ह्या रीतीची पहिली प्रमाणपद्धति २००३ ची. तींत पुरवठा करणारें यंत्र, म्हणजे स्विच, प्रत्येक तारेवर १५.४ वॅटपर्यंत सोडतें. शंभर मीटर तारेंत होणारी घट गृहीत धरून पलीकडे १२.९५ वॅट मिळण्याची हमी असते. २००९ च्या पद्धतींत हाच आकडा ३० व २५.५ वॅट झाला. येथें चूक होते ती साध्या बेरजेची. आठ तारांचा स्विच विकत घेतला. त्याची एकंदर क्षमता ६५ वॅट आहे. आणि प्रत्येक पॉइंटला १२ वॅट हवे आहेत. आठ गुणिले बारा म्हणजे ९६. पांच पॉइंट सुखानें चालतात. सहाव्यापासून पुढें कोणी तरी उपाशी राहतो, आणि कोण उपाशी राहील हें रोज बदलूं शकतें. नव्या जातीचा पॉइंट जुन्या स्विचला जोडला असतां तो भूक मारून एक लहर बंद ठेवतो किंवा हळू बोलूं लागतो. दिवा मात्र लागलेला असतो. तिसरी चूक तारेची. अस्सल तांब्याऐवजीं तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. तिचा विरोध अधिक असल्यामुळें लांब अंतरावर वीज वाटेंतच जिरते. तार हातांत तोलून पाहिली तरी तिचें हलकेपण कळून येतें.

आतां ज्या घोटाळ्याचा प्रारंभीं उल्लेख केला, त्याकडे यावें. अर्धपोटी डब्याची लहर क्षीण झाली, तर जोडणीच्या वेळची देवघेव मध्येंच तुटते. कित्येक फोन ह्या तुटण्याचा अर्थ 'परवलीचा शब्द चुकीचा' असा लावतात. घरधनी बिचारा शब्द पुन्हां पुन्हां टाइप करतो, बदलतो, सोपा करतो. रोग मात्र ॲडॅप्टरमध्यें असतो. मोठ्या संस्थांत याहून विलक्षण प्रकार घडतो. तेथें डबा, मुख्य यंत्र आणि फोन एकमेकांची ओळख तारीख घातलेल्या प्रमाणपत्रांवरून पटवितात. बहुतेक डब्यांच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. वीज जाऊन आली कीं घड्याळ भलत्याच जुन्या वर्षावर जाऊन बसतें. आणि आजचें प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलें दिसतें. बाहेरून अचूक वेळ मिळेपर्यंत तो सर्वांना दारांतून परत लावतो. येथें कुलूप शाबूत असतें. पहारेकऱ्याचें पंचांग तेवढें चुकलेलें असतें.

याच्या उलट प्रकारहि इतिहासांत नमूद आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरांत जर्मनींत सुमारें नऊ लाख घरांचे राउटर एकाएकीं बंद पडले. लोकांना वाटलें, कंपनीची तार तुटली. खरें कारण असें कीं, 'मिराई' नांवाच्या दुष्ट आज्ञावलीचा एक प्रकार त्यांवर हल्ला करीत होता, आणि त्या माऱ्यानें ते कोलमडत होते. पुढच्याच वर्षीं, २०१७ च्या जुलैंत, भारत संचार निगमच्या कित्येक ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्यांत निकामी झाले; कारखान्यांतून आलेला 'ॲडमिन' हा मूळ शब्द ज्यांनीं बदलला नव्हता, त्यांना त्याचा फटका बसला. अशा कांहीं आज्ञावलि डब्याच्या तात्पुरत्या स्मृतींतच राहतात. वीज बंद करून सुरू केली कीं त्या पुसल्या जातात, डबा बरा होतो, आणि घरधनी समजतो कीं दोष विजेचा होता. मूळ शब्द तसाच असल्यामुळें कांहीं मिनिटांत किंवा तासांत त्याच पाहुण्या पुन्हां येतात.

ह्या दोन्ही भ्रमांचा संगम एका बारीक भोंकांत होतो. डब्याच्या पाठीमागें टांचणीच्या टोकाएवढें भोंक असतें आणि त्यांत 'रीसेट'चें बटण दडलेलें असतें. कल्पना करावी कीं, पंचवटींतील एका यात्रीनिवासाचा व्यवस्थापक रोजच्या तक्रारींनीं कंटाळला आहे. डबा दिवसांतून चार वेळां बंद पडतो. कोणी तरी सांगतें, 'टांचणी घालून दहा सेकंद दाबा.' तो दाबतो. डबा नव्यासारखा उठतो, कारण तो खरोखरच नव्यासारखा झालेला असतो. घातलेली लांब परवली गेली. कारखान्याचें नांव आणि कारखान्याचा शब्द परत आला. जुन्या डब्यांत तर कुलूपच उरलें नाहीं. वाय-फाय चालूं लागल्यामुळें व्यवस्थापक समाधान मानतो. दुसऱ्या दिवशीं म्हातारा ॲडॅप्टर पुन्हां आपला गुण दाखवितो, म्हणजे मूळ रोग जागच्या जागींच राहतो. गेलें तें फक्त कुलूप. २००८ मध्यें ज्या उघड्या दारांतून परका शिरला, तसें दार अशा रीतीनें, कोणाचाहि दुष्ट हेतु नसतांना, एका टांचणीनें उघडतें.

म्हणून दोषशोधाचा क्रम पाळावा. प्रथम पाहावें कीं तक्रार एकाच फोनची आहे कीं सर्वांची. एकाचीच असेल तर डब्याला हात लावण्याचें कारण नाहीं. फोनांतील जुनी नोंद पुसून पुन्हां जोडावें. सर्वांची असेल तर वाय-फाय गेलें कीं बाहेरची जोडणी गेली, हें डब्याच्या दिव्यांवरून ठरवावें. फोन डब्याशीं जोडला जात असेल आणि बाहेरच्या जोडणीचा दिवा तांबडा असेल, तर दोष बहुधा जिन्यांतील पेटींत किंवा कंपनीकडे असतो. डबा स्वतः बंद पडत असेल तर वेळा कागदावर टिपाव्या. दुपारच्या उन्हांत बंद पडणारा डबा उष्णतेनें त्रस्त असतो, रात्रीच्या गर्दींत बंद पडणारा ॲडॅप्टरनें, आणि शेजारच्या मोटारपंपाबरोबर बंद पडणारा दाबाच्या चढउतारानें. चार दिवसांची अशी टिपणी कारागिराच्या चार खेपा वांचविते. त्यानंतर ॲडॅप्टर, मग तार, मग स्विचची बेरीज, अशा क्रमानें एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन एकदम बदलल्या तर दोष कशांत होता तें कधींच कळत नाहीं. एवढें करून फोन डब्याच्या शेजारीं नेऊन पाहावा. तेथेंहि परवलीचा शब्द नाकारला गेला, तर मात्र कुलपाकडे वळावें. रीसेटचें बटण हें शेवटचें औषध होय; आणि तें दिलेंच, तर बाहेरच्या जोडणीची तार काढून ठेवून आधीं व्यवस्थापनाचा शब्द, मग वाय-फायची परवली बदलावी आणि नंतरच तार लावावी. रीसेटपूर्वीं जुन्या मांडणीची नोंद वहींत असावी, हें सांगणें नलगे.

ह्याच संदर्भांत एक गोष्ट विशेष सांभाळावी. डबा तयार करणारे कारखाने वेळोवेळीं दुरुस्त आज्ञावलि पाठवितात. २०१७ मध्यें बेल्जियममधील संशोधक मॅथी व्हॅनहोफ यांनीं 'डब्ल्यूपीए-२' पद्धतींतील जोडणीचा एक दोष दाखवून दिला, तेव्हां अशा दुरुस्तीनेंच तो भरून काढतां आला. कुलूप बळकट करणारी ही दुरुस्ती चालू असतांना वीज गेली, तर डबा कायमचा निकामी होऊं शकतो. म्हणून ती बॅटरी लावून करावी. आणि आकाशांत ढग जमले असतां करूं नये.

नाशिककरांना खऱ्याखोट्याची पारख नवी नाहीं. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. नोटेवर काय लिहिलें आहे, यावरून ती खरी ठरत नाहीं. तिच्या अंगांतील खुणेवरून ठरते. वाय-फायचेंहि तसेंच आहे. एकाद्या यात्रीनिवासाच्या नांवाचा दुसरा डबा कोणीहि पिशवींत घालून आणूं शकतो, आणि परवलीचा शब्द भिंतीवर लिहिलेला असेल तर त्याची नक्कल अगदीं हुबेहूब होते. प्रवाशाचा फोन जवळच्या लहरीकडे आपण होऊन जातो. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्यें येतो. त्या वेळीं गोदाकांठीं आणि त्र्यंबकेश्वरीं लोटणाऱ्या जनसमुदायांत प्रत्येकाच्या हातांत फोन असणार, आणि प्रत्येक धर्मशाळेंत 'वाय-फाय आहे काय?' हा प्रश्न विचारला जाणार. यजमानानें पाहुण्यांसाठीं निराळें जाळें ठेवावें, आपल्या हिशेबाचे संगणक व कॅमेरे त्यांत घालूं नयेत, आणि त्याची परवली ठराविक दिवसांनीं बदलावी. ज्याला चहाच्या टपरीवरून किंवा दुकानांतून सार्वजनिक सेवा द्यावयाची असेल, त्याच्यासाठीं डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेली 'पीएम-वाणी' योजना आहे. तींत दुकानदाराला परवाना लागत नाहीं आणि वापरणाऱ्याची ओळख पटवूनच त्याला आंत घेतलें जातें. पाहुण्यानेंहि परक्या लहरीवरून बँकेचा व्यवहार करूं नये. त्या कामापुरती स्वतःच्या फोनची जोडणी वापरावी.

पूर्वीच्या घरांत संध्याकाळीं दोन कामें न चुकतां होत. दिव्यांत तेल आहे कीं नाहीं हें पाहिलें जाई, आणि झोंपण्यापूर्वीं दाराची कडी एकदां चांचपली जाई. दिवा विझला म्हणून कोणी कडी काढीत नसे. घरच्या बिनतारी केंद्राची निगा याहून निराळी नाहीं. त्याच्या विजेचा दोष विजेंत शोधावा, कुलपाचा कुलपांत. आणि एकाच्या रागानें दुसऱ्याला हात लावूं नये, एवढें पथ्य सांभाळलें तरी पुष्कळ साधेल.